खुर्ची नंतर, आधी कुलर बघा

मी जळगावला एमआयडीसीत एका कंपनीत सेफ्टी बघतो. म्हणजे हेल्मेट, मशीनचे गार्ड, फायर एक्स्टिंग्विशर, दिवसभर हेच. यंदा मार्च एंडिंगनंतर अकाउंट्समधून मान धरली, खांदा धरला अशा तक्रारी धडाधड यायला लागल्या आणि एचआरने ते काम माझ्याकडे ढकललं, कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचं पण जरा बघ ना भो. सोबत खुर्च्यांचा एक जाडजूड कॅटलॉग. म्हणजे उत्तर त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

यासाठी 'रोसा' नावाचा एक फॉर्म असतो, कॅनडातल्या लोकांनी २०१२ साली मांडलेला. खुर्ची, स्क्रीन, फोन, माऊस, कीबोर्ड यांना गुण देत जायचे, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, शेवटचा आकडा पाच किंवा वर गेला की हात घालायलाच पाहिजे. दिवसात मिळून चार तासांच्या वर बैठक असेल तर एक गुण अजून चढतो, आणि अकाउंट्सवाले चार तासात उठतात होय? फॉर्म चांगलाय पण तो हातात घेऊन समोर उभं राहू नका. तपासणी आली म्हटलं की माणूस शाळेच्या ग्रुप फोटोत बसल्यासारखा ताठ होतो आणि सगळ्यांना मस्त गुण पडतात. मी माझी रजिस्टरं घेऊन कोपऱ्यात बसलो, माझं काम करत करत बघत राहिलो.

पहिली गोष्ट दिसली ती खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक. आपल्याकडे नवीन खुर्चीचं प्लॅस्टिक काढायची पद्धत नाहीच. बैठकीवरचं फाटून चिंध्या झालेल्या आणि पाठीवरचं एकदम कोरं करकरीत! म्हणजे पाठ टेकवतच नाही कोणी. का टेकवतील, मे महिन्यात इथं पारा ४४-४५ ला जातो, त्या प्लॅस्टिकला टेकलं की शर्ट ओलाचिंब. दुसरं म्हणजे खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडतात, खुर्ची आत सरकत नाही, मग माणूस पुढच्या काठावर येऊन बसतो आणि कंबरेला कशाचाच आधार नाही. प्लॅस्टिक ब्लेडने कापून फेकलं, ज्या खुर्च्या अडत होत्या त्यांचे हात ॲलन कीने काढून टाकले. खर्च शून्य.

आता कुलर. एसी फक्त केबिनला, बाकी हॉलला खिडकीत बसवलेले दोन कुलर, आणि टेबलं कशी लावायची ते आमच्याकडे कुलर ठरवतो. सगळ्यांना तोंडावर वारा पाहिजे म्हणून सगळे खिडकीकडे तोंड करून, समोरून डोळ्यात उजेड आणि त्याच उजेडात स्क्रीन, किंवा मग वारा पाठीवर घेतला की खिडकी स्क्रीनमध्ये चमकते. दोन्हीकडे माणूस पुढं वाकणार, डोळे बारीक करणार, मान पुढं. शिवाय स्क्रीनकडे बघताना पापण्या तशाही कमी मिटतात, त्यात तो वारा डोळ्यावर, मग दुपारनंतर डोळे चोळणं चालू. खिडकी बाजूला यायला पाहिजे, डावीकडे नाही तर उजवीकडे. टेबलं तशी फिरवायला घेतली तर केवढा गोंधळ! माझा वारा गेला, त्याला कसा मिळतो. शेवटी टेबलं आडवी केली आणि मधे दोन स्टँडचे फॅन लावले तेव्हा कुठं मिटलं.

एक ताई आहेत, उंची पाच फूट असेल-नसेल. तयार टेबल मिळतं तीस इंचाचं. खुर्ची खाली घेतली की पाय जमिनीला टेकतात पण कोपर टेबलाच्या खाली जातं, मग टाइप करताना खांदे कानापर्यंत. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते. त्यांनी बिचाऱ्यांनी खालीच घेतलेली. बिलांचा गठ्ठा डाव्या हाताला, म्हणून दिवसभर मान डावीकडे-समोर, डावीकडे-समोर, आणि मधे फोन आला की तो खांद्यात दाबलेला. विचारलं तर म्हणे, "भाऊ, मान दुखी ऱ्हायनी, पन त्याले काय करतस आते." खुर्ची वर घेतली, पॅकिंगच्या लाकडाचं पायाखाली उतरता पाट करून दिला, बिलं कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधे तिरप्या फळीवर. कीबोर्डची मागची पायं मिटवली, ती उघडी ठेवली की मनगट वर मोडतं. फोनला इयरफोन.

स्क्रीनला आमच्याकडे स्टँड म्हणजे ए-फोर कागदाची रीम, एक रीम साधारण दोन इंच. वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा थोडी खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. पण डबल नंबरचा चष्मा असेल तर रीम काढा! ते लोक काचेच्या खालच्या भागातून वाचतात, स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून बसतात आणि मान मागून धरते. हे कोणी सांगत नाही, सरसकट सगळ्यांच्या स्क्रीन चढवून ठेवतात.

टॅलीवाल्यांचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर दिवसभर आकडे टाकणाऱ्यांचं वेगळंच. नंबर पॅड उजवीकडे, त्याच्या पलीकडे माऊस, हात कायम बाहेर ताणलेला. नंबर पॅड काढून घेतला तर मारतीलच मला. एकाला माऊस डाव्या हातात दिला, थोडे दिवस शिव्या घातल्या त्याने, आता काढू देत नाही.

कॅटलॉगमधून शेवटी फक्त तीन खुर्च्या घेतल्या, ज्यांचा उंची धरून ठेवणारा गॅस गेला होता त्यांच्या बदल्यात. डिस्पॅचचं, म्हणजे माल पाठवतात तिथलं, मात्र अडकलंय. तिथं पोरं उंच काउंटरवर उभ्यानेच ई-वे बिल काढतात, एक उंच आणि एक बुटका, शिफ्ट बदलली की माणूस बदलतो आणि काउंटर सिमेंटचा आहे, वर-खाली होत नाही.