डेटा येण्याआधीची चिठ्ठी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बेजियन संख्याशास्त्र, म्हणजे आधीचा अंदाज मांडून तो निरीक्षणांनी सुधारत जाण्याचे शास्त्र, शिकवू लागल्याला मला आता अठ्ठावीस वर्षे झाली आणि त्यांतील बहुतेक वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एकही सूत्र लिहिलेले नाही. प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी देते आणि विचारते की, संध्याकाळी सहा वाजता कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहून कोथरूडला जाण्यासाठी रिक्षा थांबवली, तर मीटरने यायला किती रिक्षावाले तयार होतील? उत्तर टक्क्यांत द्यायचे नाही. मनातल्या मनात काही रिक्षा थांबवून पाहिल्या आहेत असे समजायचे आणि त्यांपैकी किती जण ‘बसा’ म्हणाले व किती जण मान हलवून पुढे गेले, असे दोन आकडे लिहायचे.

एका वर्षी सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलीने ‘१ आणि ९’ असे लिहिले, तर लातूरहून आलेल्या आणि पुण्यात जेमतेम दोन आठवडे काढलेल्या मुलाने ‘१ आणि १’ असे लिहिले. म्हणजे तिच्या मते दहा टक्के रिक्षा येतील आणि त्याच्या मते पन्नास टक्के. त्याच संध्याकाळी मुलांनी आठ रिक्षा थांबवल्या आणि त्यांपैकी पाच तयार झाल्या. आता प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवरच्या आकड्यांत पाच आणि तीन मिळवायचे, एवढेच गणित. तिचे ६ आणि १२ झाले, म्हणजे तेहेतीस टक्के. त्याचे ६ आणि ४ झाले, म्हणजे साठ टक्के. चाळीस टक्क्यांचे अंतर सत्तावीसवर आले. पुढच्या दोन आठवड्यांत एकूण ८० रिक्षा विचारून झाल्या आणि त्यांतल्या ५० तयार झाल्या, तेव्हा ती सुमारे ५६.७ टक्क्यांवर होती आणि तो ६२.२ टक्क्यांवर. हे बीटा वितरणाचे (प्रमाणाबद्दलचा अंदाज दोन आकड्यांत मांडणाऱ्या सूत्राचे) गणित आहे, हे मी तिसऱ्या तासापर्यंत सांगत नाही. चिठ्ठीवरच्या त्या दोन आकड्यांना वर्गात आम्ही ‘प्रायर’ म्हणतो. मराठीत लिहिताना मी ‘पूर्वधारणा’ लिहिते. (रिक्षावाल्यांबद्दलची पुणेकरांची पूर्वधारणा इतकी पक्की असते, की ती हलवायला ८० रिक्षाही कमी पडाव्यात.)

मी स्वतः शिकत होते तेव्हा ही चिठ्ठी कोणी दिली नव्हती. ज्यांच्या नावावरून ‘बेजियन’ हा शब्द आला, त्या थॉमस बेज यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड प्राइस यांनी १७६३ मध्ये प्रसिद्ध करवला, पुढे फ्रेंच गणिती लाप्लासने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडून ती कितीतरी पुढे नेली, एवढा इतिहास आम्हाला ठाऊक होता. परंतु प्रत्यक्ष अभ्यासात हा विषय जाड पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात, परीक्षेत सहसा न विचारल्या जाणाऱ्या भागात असे. पीएच.डी.साठी मी हा विषय निवडला, तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला प्रेमानेच बजावले, ‘‘यात तुझे मत येते. शास्त्रात मताला काय किंमत?’’ उत्तर देण्याइतके माझे वाचन तेव्हा नव्हते.

वाचन वाढल्यावर या गोष्टीतली गंमत लक्षात आली. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाची स्थापना करणारे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांचे विद्यार्थी होते आणि जेफ्रीज हे तर, या विचाराचे विरोधक असलेले संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा दबदबा असलेल्या काळात, बेजियन विचार जवळजवळ एकट्याने लावून धरणारे भूभौतिकशास्त्रज्ञ. हुजूरबाजारांना १९६० चे अ‍ॅडम्स पारितोषिक आणि १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. मला त्यांना भेटण्याचा योग आला नाही, कारण माझे शिक्षण सुरू होण्यापूर्वीच ते अमेरिकेला गेले होते आणि १९९१ मध्ये ते वारले. पण ज्या विचाराला आमच्याकडे ‘परका’ समजले जात होते, त्याचा एक धागा गणेशखिंडीतल्या आमच्या विद्यापीठापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला होता, हे कळल्यावर मला जरा बळ आले, हे खरे.

बळ येऊनही काम अडत होते ते आकडेमोडीत. पूर्वधारणा आणि निरीक्षणे यांचा गुणाकार करणे सोपे असते, परंतु त्यातून हवी ती संभाव्यता काढायची तर दहा-पंधरा चलांवरचे (अज्ञात राशींवरचे) संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, करावे लागते आणि ते हाताने सुटत नाही. १९९० मध्ये गेल्फंड आणि स्मिथ या संख्याशास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला आणि हे चित्र पालटले. संकलन सोडवत बसण्याऐवजी, बाकीची सर्व चले स्थिर धरून एकेका चलाची किंमत यादृच्छिक पद्धतीने निवडत जायचे, अशा हजारो फेऱ्या करायच्या आणि सुरुवातीच्या फेऱ्या टाकून देऊन उरलेल्यांवरून उत्तर वाचायचे. या पद्धतीला गिब्ज सॅम्पलर हे नाव त्याआधी, १९८४ मध्ये, गेमन बंधूंनी दिलेले होते. माझ्याकडे गेल्फंड-स्मिथ यांच्या निबंधाची झेरॉक्स आली तीही अंधूक, घातांक की पायखूण हे ओळखू येऊ नये इतकी.

आमच्याकडे त्या वेळी एक ३८६ संगणक होता आणि माझा फोर्ट्रानमधला प्रोग्राम त्यावर बुधवारी संध्याकाळी सुरू केला, तर गुरुवारी दुपारी संपत असे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पुण्यात राहून माझ्या ध्यानात यायला हवे होते. सकाळी साडेदहाला पडदा काळा झाला आणि सोळा तासांच्या फेऱ्यांची साखळी गेली. त्यानंतर मी दर पाचशे फेऱ्यांनी सर्व चलांच्या चालू किमती आणि यादृच्छिक संख्यांचे बीज (ज्या आकड्यापासून त्या संख्या तयार होतात तो) फ्लॉपीवर उतरवून घ्यायला शिकले, म्हणजे वीज आल्यावर तिथूनच पुढे जाता येई. आजच्या मुलांचा लॅपटॉप तेच काम चहा होईपर्यंत करतो.

आता ज्या चुकीबद्दल लिहायचे होते, तिच्याकडे वळते. काही वर्षांपूर्वी कृषी संशोधनातल्या एका सहकाऱ्याने ज्वारीच्या बियाण्यांच्या उगवणीची आकडेवारी आणली. ट्रे थोडेच होते आणि बीजप्रक्रियेच्या एका प्रकारात तर झाडून सगळे बी उगवले होते. मी नेहमीप्रमाणे लॉजिस्टिक प्रतिमान (उगवले की नाही, अशा हो-नाही उत्तरांसाठीचे सूत्र) बसवले आणि त्यातल्या अज्ञात गुणांकांना शून्य मध्य व शंभर प्रमाण विचलन (म्हणजे पसारा) असलेली प्रसामान्य, घंटेच्या आकाराची पूर्वधारणा दिली. हेतू असा, की आपले कोणतेही मत लादायचे नाही, सपाट ठेवायचे. त्या प्रकारातली उगवणीची संभाव्यता ०.९९९९ च्याही पुढे आली. बियाणे चांगले दिसते, असे म्हणून मी मसुदा लिहायला घेतला.

माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच विचारले, ‘‘मॅडम, हे डेटा न देता चालवून पाहिलंय का?’’ मी पाहिले नव्हते. आम्ही दोघींनी तिथेच निरीक्षणे काढून टाकली आणि नुसत्या पूर्वधारणेतून एका ट्रेच्या उगवणीची संभाव्यता हजार वेळा निवडून तिचा आलेख काढला. डाव्या टोकाला एक मनोरा, उजव्या टोकाला एक मनोरा आणि मधे ओसाड माळ. लॉजिटच्या मोजपट्टीवर, म्हणजे प्रतिमान ज्या मोजपट्टीवर संभाव्यता मोजते आणि जिथे शून्य म्हणजे पन्नास टक्के, तिच्यावर उणे पाच ते अधिक पाच एवढ्या पट्ट्यात माझ्या पूर्वधारणेचा फक्त चार टक्के भाग पडत होता; म्हणजे उरलेल्या शहाण्णव टक्के खात्रीने मी असे म्हणत होते, की उगवण एकतर ०.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल किंवा ९९.३ टक्क्यांपेक्षा जास्त. ज्वारी पेरलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे विचारले असते, तर तो हसला असता. मी ज्याला तटस्थपणा समजत होते, ते मी आयुष्यात घेतलेले सर्वांत टोकाचे मत होते आणि थोडी निरीक्षणे त्याला आवर घालू शकत नव्हती.

लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. एका मोजपट्टीवर सपाट असलेली पूर्वधारणा दुसऱ्या मोजपट्टीवर सपाट राहत नाही, हा आक्षेप मी दरवर्षी वर्गात शिकवते. मोजपट्टी बदलली तरी निष्कर्ष बदलू नये, असा नियम जेफ्रीज यांनी १९४६ मध्ये याच अडचणीपोटी मांडला होता. किती टक्के रिक्षा येतील यासारख्या प्रमाणासाठी त्या नियमातून जे दोन आकडे येतात ते अर्धा आणि अर्धा. अर्धी रिक्षा आली आणि अर्धी गेली, यावर वर्गात हमखास हशा पिकतो. दरवर्षी तो हशा वसूल करूनही माझ्या स्वतःच्या प्रोग्राममधला शंभर हा आकडा मी तपासला नव्हता, कारण तो कुठल्याशा जुन्या फाइलमधून तसाच उतरत आला होता. मसुदा मागे घेतला, सहकाऱ्याला त्याच्या अनुभवातला उगवणीचा पट्टा विचारला, त्यावरून विचलन दीडच्या आसपास आणले आणि विश्लेषण पुन्हा केले. बियाणे चांगलेच होते, पण आधी वाटले होते तितके नव्हे.

तेव्हापासून चिठ्ठ्या गोळा करताना, ज्यांनी ‘१ आणि १’ लिहिले आहे त्यांना मी थांबवते. यंदा असा एक मुलगा होता. त्याला विचारले, ‘‘१ आणि १ म्हणजे शंभरांतल्या नव्व्याण्णव रिक्षा येतील आणि शंभरांतल्या पन्नास येतील, या दोन्ही गोष्टी तुला सारख्याच शक्य वाटतात. खरेच वाटतात का?’’ तो थोडा वेळ फाटकाच्या दिशेने बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मॅडम, मग १ आणि ३ करू का? पण हे मी तुम्ही विचारलंत म्हणून बदलतोय.’’ दोन्ही आकडे राहू दे आणि बदलण्याचे कारणही लिही, असे मी सांगितले. पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती, म्हणून त्याने चिठ्ठी उलटी केली आणि कारण मागे लिहिले.