मॅडमना परत का जायचं नव्हतं

बार्देश आणि पेडणे तालुक्यांत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. ऑक्टोबर ते मार्च माझे निम्मेअधिक पेशंट परदेशी असतात आणि त्यातले बरेच सत्तरीच्या पुढचे. गोव्यातला विदेशी म्हटलं की लोकांना हणजूणच्या पार्ट्या आठवतात, नाहीतर मोरजीचे रशियन. मला त्यांचे खुबे आणि गुडघे आठवतात.

शिवोलीत एका इंग्लिश मॅडमकडे मी जात होते. उत्तर इंग्लंडातल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर त्या दर वर्षी ऑक्टोबरात यायला लागल्या. एप्रिलच्या तोंडावर परत जावंच लागायचं, कारण ब्रिटिश नागरिकाला पर्यटक व्हिसावर एका वेळी सलग 180 दिवसच राहता येतं. या खेपेला जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेत सांध्याचा गोळा बदलला, आणि वॉकर धरून चालवण्याचं काम माझ्याकडे आलं.

मार्चमध्ये मुलगा त्यांना न्यायला आला. विमान कंपनीला डॉक्टरांनी भरलेला फॉर्म हवा होता आणि डॉक्टरांना माझा अहवाल. मी त्या सकाळी पोचले तेव्हा मुलगा बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, फोनवर तिकिटांचं बोलत होता. मॅडमनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, ‘‘मला चालता येत नाही असं लिही.’’

एवढ्या वर्षांत पेशंटने असं कधी मागितलं नव्हतं. लोक उलटच सांगतात. दुखत असलं तरी दुखत नाही म्हणतात, घरी सोडा म्हणतात.

मी त्यांना नेहमीची चाचणी करायला लावली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. तेरा-चौदा सेकंदांच्या वर वेळ गेला तर पडण्याचा धोका धरतात. त्यांना एकोणीस लागले. वॉकरशिवाय भरवसा नव्हता, पण व्हीलचेअरची सोय, पायात दाबाचे मोजे आणि वाटेत अधूनमधून उठून पाय हलवणं एवढं सांभाळलं तर प्रवास होण्यासारखा होता. मी जे दिसलं ते लिहिलं आणि मॅडमना वाचूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. ‘‘मग आता माझं गणित ऐक,’’ म्हणाल्या. मुलालाही हाक मारून बसवलं.

ते गणित मला अजून तोंडपाठ आहे. तिकडचं घर दुमजली, न्हाणीघर वर. मदतनीस येणार ती सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास; उरलेला दिवस जिन्याकडे बघत. इंग्लंडमध्ये 23,250 पौंडांहून अधिक पुंजी असली तर या सेवेचा खर्च सरकार उचलत नाही, स्वतःच भरायचा. वृद्धाश्रमात कायमचं जायची वेळ आली तर एकट्या माणसाचं राहतं घरही त्या पुंजीत धरतात. 2025-26 मध्ये तिकडचं किमान वेतन तासाला 12.21 पौंड होतं, एजन्सीचा दर त्याच्या वर. इथे सिंधुदुर्गातल्या बांद्याची एक बाई दिवसरात्र त्यांच्याजवळ राहत होती, महिना पंचवीस हजारांवर. ते पंचवीस हजार तिकडच्या वीस तासांच्या किमान वेतनालाही पुरत नाहीत.

मुलगा म्हणाला, ऊनच हवं तर स्पेन जवळ आहे. पण ब्रेक्झिटनंतर तिथेही ब्रिटिश माणसाला व्हिसाशिवाय 180 दिवसांत नव्वदच दिवस मिळतात. शिवाय स्पेनमध्ये मदतीला ठेवलेल्या माणसाच्या दिवसाची किंमत युरोपातलीच.

थायलंडचंही निघालं. मॅडमची एक मैत्रीण चियांग माईला कायमची राहायला गेली आहे. तिथे पन्नाशीनंतर निवृत्तीचा व्हिसा मिळतो, बँकेत 8 लाख बाट दाखवायचे किंवा महिना 65 हजार बाटांचं उत्पन्न. मलेशियाने 2002 पासून परदेशी माणसांना राहू देणारी ‘माय सेकंड होम’ योजना चालवली, फिलिपिन्सची वेगळी आहे. भारताचा निवृत्तीचा व्हिसाच नाही; म्हणून हे लोक आपल्याकडे अर्ध्या वर्षाचे रहिवासी होतात. पेन्शनची गोष्ट तर मला त्या दिवशीच कळली. ब्रिटनचं सरकारी पेन्शन दर वर्षी वाढतं, पण माणूस भारतात किंवा थायलंडमध्ये कायमचा राहायला गेला की ते आहे त्या आकड्यावर गोठतं. फिलिपिन्सशी करार आहे, तिथे वाढत राहतं. म्हणजे एकाच शाळेतून निवृत्त झालेल्या दोघी मनिला आणि चियांग माईला गेल्या, तर वीस वर्षांनी त्यांच्या हाती वेगवेगळी रक्कम पडेल.

पाश्चात्त्य माणूस आपल्याकडे शांतीसाठी, अध्यात्मासाठी, आपल्या माणुसकीसाठी येतो, असं आपल्याला मनापासून आवडतं. तसे येणारेही आहेत. पण म्हातारपणी येऊन राहणाऱ्यांना इथे खरं काय मिळतं ते मी रोज बघते. त्यांना दुसऱ्या माणसाचा अख्खा दिवस मिळतो. हवा, समुद्र, मासळी त्याच्या नंतर. आणि तो दिवस स्वस्त आहे, कारण बांदा-सावंतवाडीकडच्या बायकांना गावात तेवढा पगार देणारं काम नाही.

यात खोटं काही नाही, हेही मी पाहिलं आहे. वहिनी (मी त्या बांद्याच्या बाईंना वहिनीच म्हणते) मॅडमचे केस विंचरायच्या, मीठ कमी घालून सोलकढी द्यायच्या. ‘‘रातभर झोप लागाक नाय मॅडमांका,’’ असं मला सांगताना त्यांचेच डोळे तांबारलेले असायचे. पण याच वहिनींच्या सासूचा खुबा मोडला तेव्हा ती खाटेवर पडली ती पडलीच. फिजिओ घरी येतो हे त्या घराला माहीत नव्हतं. मॅडमचे व्यायाम शिकताना वहिनी मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायच्या, त्याचं कारण हे होतं. त्यानंतर एका रविवारी मी बांद्याला जाऊन आले. सासूबाई आता खाटेच्या कडेला बसतात.

त्या दिवशी बोलणं संपत आलं तेव्हा मुलाने सुचवलं की आता परत जायचं आणि ऑक्टोबरात पुन्हा यायचं. मॅडम कशाबशा तयार झाल्या. दारात उभ्या वहिनी मला म्हणाल्या, ‘‘त्यांका सांगा, पावसात ह्यांचा घर बंद, माझा काम बंद. अर्धो पगार चालू ठेवा, नायतर ऑक्टोबरात मी गावचंय (सापडणार) नाय.’’

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मुलगा म्हणाला, आई इथे नसताना पगार कशाचा? मी त्याला सांगितलं की मॅडमच्या गणितात वहिनींचे सहा महिने धरलेच नव्हते, आणि इतकी हुशार बाई पावसाळाभर रिकामी बसणार नाही, दुसरं घर धरेल. तो दहा हजारांवर आला. वहिनी साडेबाराच्या खाली उतरल्या नाहीत. मॅडमनी मुलाचा हात बाजूला केला, वही ओढली आणि एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे साडेबारा हजार मांडले. खाली दोघींनी सह्या केल्या. खाते क्रमांक मी लिहून दिला.