ओडिशात बारीपदाला टोपल्या घ्यायला जाताय? गाडीवाल्याचं ऐकू नका

"मॅडम, थेट गावातल्या बायकांकडे नेतो" असं म्हणून गाडीवाल्याने नेलं ते हायवेवरच्या एका एसी दुकानात. पोळ्यांच्या डब्याएवढी झाकणवाली सबई गवताची टोपली साडेआठशे, घासाघीस करून सातशे, आणि मी गाढवासारखी दोन घेतल्या. दुसऱ्या दिवशी गावात तीच टोपली, तीच वीण, अडीचशे. दुकानवाला कितीला नेतो विचारलं तर मावशी नुसत्याच हसल्या. (मावशी म्हटलेलं चालतं, ओडियात माउसीच आहे. संथाळ आदिवासींच्या पाड्यात नमस्काराला जोहार म्हणायचं.)

पुण्याहून आझाद हिंदने खरगपूर, तिथून रस्त्याने बारीपदा, सोपं आहे. सिमलीपालच्या जंगलाची सफारी पण केली, छान होती. पण गावाकडचे शेवटचे सहा किलोमीटर! लाल मुरूम, आदल्या रात्री पाऊस पडलेला, भाड्याची स्कूटी दोनदा आडवी झाली, शेवटी ढकलत नेली. स्कूटी नेऊच नका, स्टँडवरून रिक्षा करा आणि जाऊन येऊन किती ते बसायच्या आधी ठरवा.

जायचं तर नोव्हेंबरात, तेव्हा कापणी चालू असते, अंगणात, रस्त्याच्या कडेला सगळीकडे गवत वाळत पडलेलं. तिकडे त्याला बाबुई म्हणतात, पूर्वी कागद कारखान्यांना जायचं. दिसायला साधं, पण चार काड्या धरून ओढल्या तरी तुटेनात. एक आजी पाणी शिंपडून तळहातांवर बाजेची दोरी वळत होत्या, काडी संपत आली की न बघता दुसरी जोडायच्या, सांधा शोधून सापडत नाही. टोपलीला गवताची मूठ गोल फिरवतात, त्यावर शिंदीच्या पानाची पट्टी गुंडाळून जाड सुईने आधीच्या वेढ्यात ओवतात. मी एक वेढा घालून बघितला, बोटाला चीर गेली आणि आजींनी तो मुकाट्याने उसवून परत घातला.

घेताना टोपली उन्हात धरून बघा, बुडातून उजेड आला तर वीण सैल. गडद लाल-हिरवी घेऊ नका, माझ्या ओल्या हाताला रंग लागला. ओल लागली की बुरशी येते, त्यामुळे बाथरूममध्ये वगैरे ठेवायची नाही. रेंज नसते, शंभराच्या नोटा न्या. गावात भाव करू नका, लाज वाटते.

आणि एकात एक बसणाऱ्या साइझच्या घ्या. मी सात एकाच मापाच्या घेतल्या आणि पुण्यापर्यंत साइड लोअरवर पाय दुमडून आले.