अनुभवाच्या रकान्यात खोटं न लिहिता सायबर सिक्युरिटीत नोकरी

जॉइन होऊन चार महिने झाले, तरी त्या क्लासच्या प्लेसमेंट टेबलाचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. म्हणून आधी तेच लिहिते, अभ्यासाचं नंतर.

मी नगरची. तिथल्या एका रुग्णालयात तीन वर्षं आयटी सपोर्टला होते. प्रिंटर, पासवर्ड, वॉर्डातले बंद पडलेले कॉम्प्युटर, हेच काम. एसओसी अ‍ॅनालिस्ट, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमवर हल्ला होतोय का यावर पाळत ठेवणारी, व्हायचं ठरवलं आणि पुण्यात क्लास लावला. फी ६५ हजार, त्यातले निम्मे पप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढून दिले. कोर्स संपल्यावर प्लेसमेंटच्या सरांनी माझा रेझ्युमे 'सुधारून' हातात दिला. माझी तीन वर्षं गायब! त्या जागी 'एसओसी अ‍ॅनालिस्ट, २ वर्षे ४ महिने', आणि कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा सगळं तेच देणार, त्याचे वेगळे २५ हजार.

"सर, हे काम मी केलेलंच नाही."

"मॅडम, सगळेच करतात. सपोर्टवाल्यांना कोण कॉल करतंय?"

तिथून पुढे सात आठवडे माझी फाईल हलली नाही. दर मंगळवारी मी जायचे, दर मंगळवारी 'प्रोफाइल होल्डवर आहे' एवढंच ऐकून परत यायचे. माझ्या मागून आलेल्या बॅचच्या मुलांना कॉल येत होते. पाचव्या आठवड्यात एका रात्री मीही ढेपाळले. खोटा रेझ्युमे अपलोड केला, बोट सबमिटवर. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष देतात, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. नोकरी लागली की मलाही उभं राहायचं होतं. हे लिहून मी तिथे काय सांगणार होते? आईला फोन लावला. ती म्हणाली, "लोकांच्या घराच्या किल्ल्या तुझ्या हातात देणार म्हणतेस ना? मग दारातच खोटं बोलून आत शिरणार होय गं?" मी लॅपटॉप मिटला.

ज्यांना हे श्रद्धेचं कारण पटत नसेल त्यांनी निदान यूएएनचा, म्हणजे आपल्या पीएफ खात्याच्या कायमच्या नंबरचा, विचार करा. पडताळणीत बऱ्याच कंपन्या पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागतात. कोणत्या महिन्यात कुठे पीएफ भरला गेला ते त्यात दिसतं. पत्र बनवून मिळतं, मागच्या तारखांचा पीएफ कुठून आणणार?

आठव्या आठवड्यात मी क्लासचा नाद सोडला आणि जॉब साइटवरून स्वतःच अर्ज टाकू लागले. रेझ्युमेत तीन वर्षं होती तशीच लिहिली, फक्त नीट उलगडून: कुणाचं अकाउंट का लॉक झालं, फसवे मेल कसे ओळखले, अँटिव्हायरसच्या अलर्टवर काय केलं. पाच मुलाखती मिळाल्या. चार ठिकाणी नकार आला.

अभ्यासाचं थोडक्यात. पोर्ट नंबर (२२, ५३, ४४३, ३३८९), टीसीपीचा थ्री-वे हँडशेक (दोन कॉम्प्युटर आधी जोडणी कशी ठरवतात ते), वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर), मायटर अ‍ॅटॅकची रचना (हल्लेखोरांच्या पद्धतींची यादी) हे पक्कं हवं. घरी सरावाला स्प्लंक या लॉग (सिस्टीमच्या नोंदी) तपासायच्या सॉफ्टवेअरचा मोफत परवाना पुरतो, दिवसाला ५०० एमबी लॉग घेतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना त्यांना ६ तासांत कळवायची असते, हे मला तीनदा विचारलं. पुण्यात मुलाखत असेल तर कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ चा हल्ला वाचून जा. हल्लेखोरांनी बनावट प्रॉक्सी स्विच (व्यवहार मंजूर करणाऱ्या बँकेच्या यंत्रणेची नक्कल) उभा करून एटीएममधून पैसे काढायच्या विनंत्या मंजूर करून घेतल्या, सगळ्या हल्ल्यात मिळून सुमारे ९४ कोटी गेले. तारखांपेक्षा 'तुम्ही तिथे असता तर कोणता लॉग आधी पाहिला असता' यावर जोर असतो.

पाचव्या मुलाखतीत मुलाखत घेणाऱ्या सरांनी विचारलं, "४६२५ म्हणजे काय?" विंडोजच्या लॉगमधली लॉगिन फसल्याची नोंद, मी सांगितलं. मग रुग्णालयातली गोष्ट सांगितली. एका सिस्टरचं अकाउंट रोज रात्री लॉक व्हायचं. सगळे म्हणायचे, पासवर्ड विसरते. मी डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) ४७४० ची, म्हणजे अकाउंट लॉक झाल्याची, नोंद उघडली, त्यात कॉलर कॉम्प्युटरचं, म्हणजे चुकीचा पासवर्ड जिथून आला त्या मशीनचं, नाव दुसऱ्याच वॉर्डातलं. तिथे शेअर्ड फोल्डरला तिचा जुना पासवर्ड सेव्ह होता आणि ते मशीन तोच पुन्हा पुन्हा पाठवत होतं. सर पुढे सरकून बसले. पुढची वीस मिनिटं त्याच एका गोष्टीवर प्रश्न. त्या बनावट कंपनीतली एक तरी गोष्ट मला अशी सांगता आली असती का?

हॅकिंगबद्दल विचारलं तरी होय तर होय, नाही तर नाही, एवढंच सांगा. शेजाऱ्याचं वायफाय उघडल्याची फुशारकी मारू नका. परवानगीशिवाय शिरणं आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, बेइमानीने केलं तर कलम ६६ लागतं. मी फक्त स्वतःच्या लॅबमध्येच करून पाहिलंय, असं मी स्पष्ट सांगितलं.

हो, रविवारचं राहिलंच. एसओसी चोवीस तास चालतं, पाळी फिरती असते. शेवटी 'काही विचारायचंय का' म्हणतात तेव्हा मी सरळ विचारलं, रविवारी सकाळची उपासना जमेल अशी पाळी बदलून मिळेल का, त्याबदल्यात दिवाळीत मी पाळी करीन. त्यांनी हसून होकार दिला. ऑफर हातात पडल्यावर हे विचारायला जाऊ नका, अवघड होतं.

प्रार्थना मी मुलाखतीआधी करायचे, जिन्यात उभी राहून, दोन मिनिटं. हात थरथरायचे थांबायचे.

पडताळणीवाल्यांनी रुग्णालयात फोन केला, सगळं जुळलं. महिन्याने उपासनेत उभं राहून मी साक्ष दिली, पप्पा पुढच्या बाकावर होते. त्याच आठवड्यात क्लासमधून फोन आला: "मॅडम, अभिनंदन! बॅनरवर लावायला फोटो पाठवता का?"

मी नाही म्हटलं.