सेल्फ गेला म्हणे!

जुन्या गाडीची किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून नुसताच ‘टक्’ असा आवाज आला, की भोवतीच्या मंडळींचं निदान तयार असतं: सेल्फ गेला! सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर. सेल्फवर इतका चटकन आळ घेऊ नये. आधी हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली असते, टर्मिनलवर गंज असतो किंवा सेल्फ खरोखरच जाम झालेला असतो. दिवे लखलखीतच राहिले तर करंट सेल्फमधून वाहतच नाही. मग सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचचे) जळके कॉन्टॅक्ट, मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे पण झिजलेले कार्बन ब्रश आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारी ती अर्थची पट्टी, ज्या पट्टीकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं, यांची चौकशी करायची. कितीतरी धडधाकट सेल्फ या पट्टीपायी उतरवले गेले असतील.

बाकी हे यंत्र मोठं गमतीचं. चार्ल्स केटरिंग यांनी ते १९१२च्या कॅडिलॅकसाठी सिद्ध केलं. तोवर हँडल मारावं लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. (अजूनही हँडल मारणाऱ्यांनी अंगठा दांड्याभोवती न वळवता बोटांच्या बाजूलाच ठेवावा.) केटरिंग त्याआधी कॅश रजिस्टरच्या कंपनीत होते आणि तिथे त्यांनी गल्ल्यासाठी विजेची मोटर बनवली होती. मोटरला क्षणभरच राबायचं असेल तर ती लहान असूनही तिच्याकडून अचाट काम करून घेता येतं, हे त्यांनी तिथे ताडलं होतं. दोन हेडलाइट मिळून जेमतेम ९-१० अँपिअर घेतात. सेल्फ दीडशे-दोनशे सहज ओढतो. म्हणूनच त्याला सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त पिळू नये. मध्ये थांबून गार होऊ द्यावं.

उतरवताना पहिलं काम बॅटरीची अर्थची वायर सोडवणं. ‘मायनस काढा’ हे पाठांतर इथे फसवं ठरतं, कारण साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थला असतो. गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर जाऊ नये, स्टँड लावावेत. त्यानंतर काम उरतं अवघ्या दोन बोल्टचं, असं मॅन्युअल सांगतं.

खालचा बोल्ट सभ्य असतो. समोर दिसतो, पाना लावला की निमूट सुटतो. वरचा मात्र बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाच्या, आडोशाला दडलेला. एका बाजूला सायलेन्सरचा पाइप, दुसऱ्या बाजूला स्टीअरिंगचा दांडा. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. आणि एका वेळी पाना फिरतो तो घड्याळाच्या पाच मिनिटांइतका. पाना काढा, उलटा करा, पुन्हा बसवा, पुन्हा तेवढंच. या कामाला ताकद लागत नाही, बेताचा हात आणि भरपूर सवड लागते. शेवटचा आटा सुटण्याआधी दुसरा हात सेल्फखाली हवाच. सात-आठ किलोचं ते लोखंड निसटलं तर तोंडावर येतं.

काढल्यावर लगेच नवा जोडायची घाई नको. भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलच्या, म्हणजे सेल्फ ज्याला फिरवतो त्या इंजिनाच्या जड चाकाच्या, रिंगचे दाते बघावेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुधा ठरावीक दोन जागीच थांबतं, त्यामुळे दातेही समोरासमोरच्या त्या दोन जागीच झिजतात. तिथे नवा सेल्फही खरखरणारच. आणि ‘घुंऽऽ’ करत मोटर नुसतीच फिरत असेल, इंजिन हलत नसेल, तर दोष बहुधा बेंडिक्सवर, म्हणजे सेल्फचे दाते पुढे सरकवून फ्लायव्हीलमध्ये अडकवणाऱ्या भागावर, चिकटलेल्या घाणीचा. त्याला तेल पाजू नये. क्लचची धूळ त्यावर लगेच लेप धरते. रॉकेलने धुऊन सुकू द्यावं, दाते पुन्हा सरसर पुढे येतात. कार्बन ब्रशही सहसा स्वतंत्र बदलता येतात.

हल्ली आत गिअर असलेले नवे सेल्फ मिळतात. हलके, करंट कमी खाणारे, इंजिन झपाझप फिरवणारे. त्यांत खोट काढायला जागा नाही. फक्त त्यांचा आवाज चिरका आणि उतावळा, आणि त्या थोराड बॉनेटखाली तो मला अजिबात शोभत नाही. रोज कामावर जायला जुनी गाडी वापरणाऱ्याने असा सेल्फ जरूर बसवावा. रविवारीच गाडी बाहेर काढणाऱ्याला एवढी घाई कसली?