जार उघडायची नसते, बाबा

मी ग्रामसेवक. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात हाक अजून 'भाऊसाहेब' अशीच येते. दिवसभर घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले आणि घरकुलं. त्यामुळे सातवीतली लेक जेवताना म्हणाली, "बाबा, माझ्या गावात कुणी घरंच बांधत नाही," तेव्हा आधी मी दचकलोच. मग कळलं, तिचं गाव माइनक्राफ्टमधलं, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या कॉम्प्युटर गेममधलं.

तक्रार रास्त होती. मूळ खेळातले गावकरी नाकातून 'हंम्म' करतात, पाचू घेऊन सौदे करतात, अंधार पडला की घरात शिरतात. पण गाव वाढवायचं नाव नाही. जग तयार होताना जेवढी घरं पडली तेवढीच. २०१९ च्या मोठ्या अपडेटनं प्रत्येक प्रदेशाला वेगळ्या धाटणीची घरं दिली, घंटा दिली, धंद्याप्रमाणे टेबलं दिली, तरी बांधकाम शून्य. गावकीत असतात तसे लोक, म्हटलं. चहाला हजर, श्रमदानाला गैरहजर.

लेकीनं यावर 'मिलेनेर' नावाचा मॉड, म्हणजे मूळ खेळात बाहेरून घालायची भर, हुडकून ठेवला होता. फ्रान्समधल्या माणसानं सुरू केलेला. यातली गावं साधारण अकराव्या शतकातली: नॉर्मन, माया, जपानी, बायझंटाइन आणि चक्क उत्तर भारतीयसुद्धा. इथले गावकरी स्वतः लाकूड तोडतात, शेती करतात आणि सामान जमलं की पुढचं घर उभं करतात. "तुम्हाला आवडेल," ती म्हणाली. म्हणजे बसवून द्या.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. शनिवारची दुपार गेली.

आधी फोर्ज लागतं. मॉड ज्याच्या आधारानं चालतात ते. मी नवं ते चांगलं म्हणून सगळ्यात ताजं उतरवलं. आम्ही घेतलेला मॉड होता १.१२.२ या आवृत्तीसाठीचा, म्हणजे २०१७ च्या खेळासाठी. आकडा शेवटच्या टिंबापर्यंत जुळावा लागतो हे मला कोण सांगणार? परत उतरवलं. त्या पानांवर हिरवी मोठी 'डाउनलोड' बटणं चार, त्यातली तीन जाहिराती. खरं बटण बारीक अक्षरात कोपऱ्यात.

आता फोर्जच्या फाइलवर डबल क्लिक केलं तर ती झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि आत फोल्डरच फोल्डर. मी ते सगळं बाहेर काढून ठेवत होतो, तेवढ्यात मागून आवाज: "बाबा, जार उघडायची नसते. चालवायची असते." पण जार फाइल ज्याच्यावर चालते ते जावाच लॅपटॉपवर नव्हतं. ते टाकलं, मग ती फाइल चालली, 'इन्स्टॉल क्लायंट' दाबलं, लाँचरमध्ये, म्हणजे खेळ जिथून सुरू करतात तिथं, फोर्ज दिसायला लागलं. पुढे विंडोज आणि आर या कळा दाबून %ॲपडेटा% लिहायचं, .माइनक्राफ्ट उघडायचं, त्यात 'मॉड्स' नावाचं फोल्डर करून मॉडची जार तशीच ठेवायची. हे मात्र एका दमात जमलं.

मेमरीचंही एक आहे. लाँचर खेळाला २ जीबी देतो. आमच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर मी ४ केली. लाँचरमधल्या फोर्जच्या नोंदीत एक लांबलचक ओळ असते, तिच्या सुरुवातीला -एक्सएमएक्स२जी असतं, तिथला आकडा बदलायचा. न बदलता गावात शिरलो होतो तेव्हा चित्र गचके खात होतं.

खरी चूक यापुढची. लेकीचं दीड वर्षाचं जग नव्या आवृत्तीतलं. मी तेच १.१२.२ मध्ये उघडायला गेलो. खेळानं लाल अक्षरात विचारलं, हे जग पुढच्या आवृत्तीतलं आहे, नक्की उघडायचं का? मी दिवसाला पन्नास वेळा 'होय' दाबणारा माणूस. दाबलं. उघडलं तर तिचं तळ्याकाठचं दुमजली घर नाही, शेळ्या नाहीत, कोरा डोंगर. १.१३ पासून जग साठवायची पद्धतच बदलली आहे, जुन्या खेळाला ती वाचता येत नाही, हे नंतर समजलं.

माझा घसा कोरडा पडला. ती शांतपणे उठली, दप्तरातून पेनड्राइव्ह काढला. जगं साठवलेल्या 'सेव्ह्ज' फोल्डरमधलं सगळं तिनं सकाळीच कॉपी करून ठेवलं होतं. "तुम्ही बसवणार म्हणालात, तेव्हाच." आता यावर काय बोलणार.

तर नवं जग घेतलं. तेही बरंच झालं, कारण ही गावं नव्यानं तयार होणाऱ्या जमिनीवरच उगवतात. 'व्ही' दाबलं की जवळपासची गावं कळतात. पहिलं नॉर्मन निघालं, ते टाळून चालत राहिलो. तीन खोऱ्यांपलीकडे भारतीय गाव सापडलं. शेतात भात आणि हळद! सांगली जिल्ह्यातल्या माणसाला हळद दिसल्यावर काय होतं ते सांगायला नको. खऱ्या हळदीला आठ-नऊ महिने, वर शिजवणं, वाळवणं, पॉलिश. इथं उपटली की झालं, आणि भातात घालून भाजीची करी. त्यांच्या खाण्यात रसगुल्लाही आहे. अकराव्या शतकात रसगुल्ला! मी लेकीला म्हटलं, हे तपासून बघायला हवं. तिनं दुर्लक्ष केलं.

पण मी अडकलो तो विटांपाशी. इथं वीट थापावी लागते. हातात साचा घ्यायचा, जवळ माती आणि वाळू हवी, जमिनीवर ओली वीट उमटते. ती लगेच उचलून उपयोग नाही, उन्हात वाळू द्यायची. वाळली की रंग फिकट होतो. माझ्या आजोळी जतकडे माळवदाचं घर होतं, आजोबा मातीत काड कालवून विटा थापायचे आणि आम्ही पोरं त्या ओळींवरून उड्या मारायचो म्हणून ओरडा खायचो. स्क्रीनवर विटांची ओळ लावताना माझं बोट आपोआप हळू चालायला लागलं. लेक म्हणाली, "बाबा, दाबा की पटापट."

गावात मध्यभागी पाट्या आहेत. पुढचं घर कोणतं, काय सामान कमी, सगळं तिथं लिहिलेलं. आणून द्यायचं, त्याचे पैसे मिळतात, गावात मान वाढतो. एका संध्याकाळी आम्ही विटा आणि लाकूड देऊन बसलो. एक गडी आला, जागेवरचं झाड तोडलं, भिंती घातल्या, छप्पर घातलं. मी नकळत वाट बघत होतो की आता पायाचा फोटो मागतील. आमच्याकडे घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, मूळ अनुदान १ लाख २० हजार, आणि दर टप्प्याला जागेवरून फोटो चढवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. इथं गड्यानं शेवटचा ठोकळा बसवला आणि सरळ शेतात निघून गेला.

काल रात्री पाटीवर नवं काम लागलंय, विटा पुन्हा कमी. मी छत्तीस थापून ठेवल्यात. लेकीची घटक चाचणी सुरू आहे म्हणून लॅपटॉप बुधवारपर्यंत कपाटात. किल्ली बायकोकडे.