सम संख्यांच्या गावातले ३६

मसावि-लसावि सुरू करण्यापूर्वी सहावीच्या वर्गात मी मूळ अवयवांना मुद्दाम जास्त तासिका देते. उभ्या मांडणीत डावीकडे २, ३, ५ असे क्रमाने भाजक लिहीत खाली १ येईपर्यंत जायची रीत मुलांना लवकर जमते. पण त्या रीतीत सगळ्यांची वाट एकच असल्यामुळे सगळ्यांचे उत्तर सारखे येते यात कुणाला नवल वाटत नाही, आणि या घटकातले खरे नवल तर तेच आहे. म्हणून मी आधी अवयवांचे झाड काढायला लावते. दिलेली संख्या आपल्याला हव्या त्या दोन संख्यांच्या गुणाकारात फोडायची, त्या दोन्ही पुन्हा फोडायच्या, आणि जी संख्या १ व ती स्वतः यांखेरीज कशानेच फुटत नाही तिच्याभोवती गोल काढून ती फांदी थांबवायची.

त्या दिवशी फळ्यावर ३६० ही संख्या होती. एकाने ३६ × १० पासून सुरुवात केली, एकीने १८ × २० पासून, तर मागच्या बाकावरच्या एका मुलाने ५ × ७२ असे फोडले. तिन्ही झाडे फळ्यावर शेजारी शेजारी काढून घेतली. त्यांच्या आकारांत काहीच साम्य नव्हते, आणि तरीही गोलातल्या संख्या लहानापासून मोठ्यापर्यंत लिहिल्यावर प्रत्येकाकडे २, २, २, ३, ३, ५ एवढेच उरले. तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, कुणाचं तरी वेगळं यायला हवं होतं ना?” शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, “संख्या एकच आहे, मग उत्तर एकच येणार.” त्यावर ती म्हणाली, “३६ गुणिले १० आणि १८ गुणिले २० हेसुद्धा एकाच संख्येचे आहेत. ते कुठे सारखे आहेत?”

मुलीचे म्हणणे बिनतोड होते. इथे ‘असा नियमच आहे’ असे सांगून पुढे जाता येते आणि अनेक वर्गांत तसेच होते, पण माझ्या मते तेवढ्याने मुलांचे मोठे नुकसान होते. मूळ संख्येने एखाद्या गुणाकाराला भाग जात असेल, तर त्या गुणाकारातल्या निदान एका संख्येला तिने भाग जातोच, हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी दाखवून दिले. मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात या पूर्ण प्रमेयाची नेटकी मांडणी आणि सिद्धता गाउसने १८०१ साली दिली. ती सिद्धता सहावीच्या मुलांना पेलणारी नाही. मात्र उत्तर वेगवेगळे येऊ शकते अशी एखादी जागा त्यांना नक्कीच दाखवता येते.

मी फळा पुसला आणि सांगितले की आता आपण अशा गावात आहोत जिथे फक्त सम संख्या राहतात. ३, ५, ९ यांना इथे प्रवेश नाही, १ लाही नाही. या गावात कोणती संख्या फुटते आणि कोणती फुटत नाही ते शोधा.

वर्ग कामाला लागला. ४ म्हणजे २ × २, म्हणून ४ फुटतो. ६ फुटत नाही, कारण २ × ३ मधला ३ गावात नाही. ८ फुटतो, १० फुटत नाही. थोड्याच वेळात २, ६, १०, १४, १८ ही या गावची ‘मूळ’ मंडळी म्हणून वह्यांत उतरली, आणि ज्या संख्येला ४ ने भाग जातो तीच फुटते हे मुलांनी आपणहून हेरले. मग मी ३६ चे झाड काढायला सांगितले. अर्ध्या वर्गाने ६ × ६ लिहून गोल काढले, उरलेल्यांनी २ × १८ लिहून गोल काढले, आणि भांडण सुरू झाले. “१८ अजून फोड की!” “कसा फोडू? २ गुणिले ९ होतं, ९ कुठे आहे इथे?” दोन्ही झाडे गावच्या नियमाप्रमाणे पूर्ण झालेली होती, आणि त्यांतल्या संख्या वेगळ्या होत्या.

इथे मी त्यांना घाई करू दिली नाही. ६ ने ३६ ला भाग जातो, मग २ × १८ मधल्या कुणाला ६ ने भाग जातो का, असे विचारले. २ ला जात नाही. १८ ला लावायचा तर ३ हवा, आणि तो गावाबाहेर. युक्लिडचे म्हणणे या गावात नेमके इथेच लटके पडते. काही क्षणांनी आधी प्रश्न विचारणारी मुलगीच म्हणाली, “बाई, ३ ला बाहेर ठेवला म्हणून हे झालं. ३ आत घेतला की दोन्ही झाडं २, २, ३, ३ वर येतात.”

त्यानंतर १ ला मूळ संख्या का म्हणत नाहीत हे सांगायला दोन वाक्ये पुरली. १ ला मूळ मानले तर ३६० च्या उत्तरात हवे तितके १ घालता येतील आणि उत्तर एकच उरणार नाही. तोंडी जे पाठ होते, त्याला आता कारण मिळाले.

घरच्या अभ्यासाला मी ६१७४ दिली, कारण आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीत शाळेत शिकवता शिकवता संख्यांचा ध्यास घेतलेल्या द. रा. कापरेकरांचे नाव या संख्येला जोडलेले आहे. तिचे अवयव २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ असे येतात, आणि ७ ची पायरी मुलांना बऱ्यापैकी दमवते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मात्र गावाचाच अभ्यास करून आणला होता. १०० पर्यंतच्या ज्या सम संख्या गावात दोन प्रकारे फुटतात, त्यांची तिची यादी होती ३६, ६०, ८४ आणि १००. ६० चे २ × ३० आणि ६ × १०, तर १०० चे २ × ५० आणि १० × १० हे तिने नीट लिहिले होते. यादीत एक संख्या कमी आहे एवढेच मी सांगितले. मधल्या सुट्टीत पाच-सहा जण फळ्यापाशी जमले आणि तास सुरू व्हायच्या आत ७२ समोर २ × २ × १८ आणि २ × ६ × ६ लिहून मोकळे झाले.